आराखड्याची रेघ कोण ओढतो आणि लोकांना केव्हा विचारले जाते

शहराचा विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, शेवटी सत्तेत असलेलेच ठरवत असतील, तर हरकती, सूचना, सुनावण्या आणि नागरिकांच्या बैठका यांना काही अर्थ उरतो का. आणि उरत असेल, तर सामान्य नागरिकाने त्या प्रक्रियेत नेमके कोठे आणि केव्हा शिरावे, असा हा प्रश्न आहे. नगररचनेच्या कामात माझी 26 वर्षे गेली. त्यांतली पहिली 12 नियोजन प्राधिकरणाच्या नोकरीत, म्हणजे सुनावणीच्या टेबलामागे गेली आणि पुढची वस्त्या व रहिवासी संघटना यांच्या बाजूने त्याच टेबलासमोर. दोन्हीकडून जे दिसले त्याच्या आधारे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. सहभाग खरा की देखाव्याचा, हे किती लोक जमले किंवा किती हरकती दाखल झाल्या यावरून कळत नाही. लोकांना विचारले त्या दिवशी कोणता निर्णय अजून व्हायचा बाकी होता, एवढे एकच तपासले तरी पुरते. मार्ग ठरला आहे, निधी मंजूर आहे, सल्लागाराशी करार झाला आहे आणि आता रस्त्याच्या कडेला कोणती झाडे लावावीत याबद्दल नागरिकांचे मत मागवले आहे, अशी सभा कितीही गजबजलेली असली तरी तिच्यात कोणाच्या हातची सत्ता कोणाकडे गेलेली नसते. उलट, जागा निवडण्यापूर्वी वीस माणसांशी झालेली बोलणी आराखड्याचा रोख बदलून टाकू शकतात, आणि ते घडताना मी पाहिले आहे.

नियोजन हे शुद्ध तांत्रिक काम असून राजकारण त्यात बाहेरून घुसखोरी करते, असे आम्ही व्यावसायिक वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खरे नाही. कोणत्या भागातून रस्ता न्यायचा, कचऱ्याचा डेपो कोणाच्या शेजारी ठेवायचा, कोणत्या जमिनीवर शाळेचे आरक्षण टाकायचे, म्हणजे ती शाळेसाठी राखून ठेवायची, आणि कोणत्या जमिनीला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, द्यायची, हे सगळे प्रश्न कोणाला काय मिळणार आणि कोणाचे काय जाणार याचे आहेत. शेतीच्या पट्ट्यातली जमीन निवासी पट्ट्यात आली की तिच्यावर एक वीटही न चढता तिची किंमत वाढते. तिच्या शेजारच्या जमिनीवर उद्यानाचे आरक्षण पडले की त्या मालकाच्या हातातली किंमत तिथल्या तिथे खाली येते. नकाशावरची एक रेघ सरकवल्याने एवढी संपत्ती निर्माण आणि नष्ट होत असेल, तर त्या रेघेभोवती सत्ता गोळा होणारच. ब्रिटनने 1947 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्क सरकारच्या ताब्यात घेतला आणि परवानगीमुळे वाढणाऱ्या किमतीवर शंभर टक्के आकारही बसवला. पुढच्या सरकारने तो आकार 1950 च्या दशकात काढून टाकला. परवानगी देण्याचा अधिकार मात्र तसाच राहिला. वाढीव किमतीतला वाटा समाजाचा किती आणि मालकाचा किती, हा वाद त्यानंतर अनेक देशांत अनेक प्रकारे लढला गेला आणि अजून मिटलेला नाही. म्हणून राजकारण बाजूला ठेवून नियोजन करा, ही मागणी मला निरर्थक वाटते. राजकारण उघड्यावर यावे, ही मागणी मात्र रास्त आहे.

राजकीय सत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महापौर आणि नगरसेवक येतात. ती दिसणारी सत्ता झाली, आणि ती निदान दर काही वर्षांनी मतदारांसमोर उभी राहते. शहरांच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ पुष्कळदा निवडून न आलेल्या माणसांनी केलेली आहे. पॅरिसची जुनी वस्ती फोडून रुंद सरळ रस्ते काढणारे बॅरन ओस्मान हे 1853 पासून 1870 पर्यंत सम्राटाने नेमलेले प्रीफेक्ट, म्हणजे प्रशासक, होते. त्या शहराला पुढेही दीर्घकाळ निवडून आलेला महापौर नव्हता, तो 1977 मध्ये मिळाला. न्यूयॉर्कमध्ये पूल, रस्ते आणि उद्याने बांधणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांची गोष्ट तर नियोजन शिकणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावी अशी आहे. त्यांनी 1934 मध्ये राज्यपालपदाची निवडणूक लढवली आणि ते हरले. लोकांच्या मतांवर त्यांना कोणतेही पद कधी मिळाले नाही. तरीही एका काळात त्यांच्याकडे एकाच वेळी 12 पदे होती. त्यांच्या सत्तेचे मूळ पुलांच्या टोलमध्ये होते. त्यांच्या पूल प्राधिकरणाला टोलचे उत्पन्न स्वतंत्रपणे मिळत असे, त्या उत्पन्नावर रोखे काढता येत आणि रोखेधारकांशी झालेल्या करारांमुळे नगर परिषदेला किंवा महापौरांना त्या प्राधिकरणाच्या कारभारात हात घालणे अवघड होई. आज अनेक शहरांत एखाद्या प्रकल्पासाठी, एखाद्या पट्ट्यासाठी वेगळी कंपनी किंवा विशेष प्राधिकरण स्थापन होते, तेव्हा मी सर्वप्रथम हेच विचारते की या संस्थेचा पैसा कोठून येतो आणि तिचा अर्थसंकल्प कोणत्या निवडून आलेल्या सभागृहासमोर ठेवला जातो. त्याचे उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे असेल, तर त्या संस्थेने घेतलेल्या लोकसहभागाच्या कार्यशाळांना मी फार महत्त्व देत नाही.

सुनावणी म्हणजे काय असते आणि काय असायला हवी, हे त्याच न्यूयॉर्कमधल्या एका प्रसंगाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कोठे दिसलेले नाही. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून आडवा द्रुतगती मार्ग काढण्याची मोझेस यांची योजना होती. त्यात सुमारे दोन हजार कुटुंबे आणि शेकडो व्यवसाय उठवले जाणार होते. विरोधामुळे 1962 मध्ये ती फेटाळली गेली आणि काही वर्षांत पुन्हा उभी राहिली. एप्रिल 1968 मध्ये एका शाळेच्या सभागृहात तिच्यावर सुनावणी होती. शहरांवर लिहिणाऱ्या आणि या मार्गाविरुद्ध लढणाऱ्या जेन जेकब्स बोलायला उठल्या, तेव्हा त्यांनी सर्वांच्या लक्षात आणून दिले की मायक्रोफोनचे तोंड व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांकडे नसून श्रोत्यांकडे आहे. म्हणजे नागरिकांनी नागरिकांशीच बोलायचे होते, आणि व्यासपीठावर बसलेल्यांना निर्णयाचा अधिकारही नव्हता. निषेध म्हणून त्या इतरांना घेऊन व्यासपीठावर चढल्या, त्या गडबडीत लघुलेखिकेच्या यंत्रातली कागदी फीत जमिनीवर विखुरली, आणि नोंदच राहिली नाही तर सुनावणी झालीच नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांना अटक झाली. मार्ग मात्र 1969 मध्ये कायमचा रद्द झाला. तो एका सुनावणीने रद्द झाला, असे कोणी समजू नये. त्यामागे रहिवाशांची, दुकानदारांची, कलावंतांची कित्येक वर्षांची संघटना होती आणि ती मते मोजणाऱ्या राजकारण्यांना दिसत होती. त्या फितीचा मुद्दा मला तरीही फार मोलाचा वाटतो. अनेक कायद्यांत सुनावणी ही अट असते, आणि अट पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे तिची नोंद. प्रशासनाला तुमच्या मताची गरज असो वा नसो, तुम्ही आलात याची नोंद त्याला हवी असते. या कारणासाठी मी वस्तीतल्या लोकांना नेहमी सांगते की हजेरीपत्रकावर सही करताना शेजारी ‘उपस्थित, संमती नाही’ असे स्पष्ट लिहा. पुढे हजेरीची यादी संमतीची यादी म्हणून जोडलेली मी स्वतः पाहिली आहे.

1969 मध्येच अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाइन या अभ्यासिकेने सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना आपल्या सोयीने वळवले किंवा नुसते समजावले जाते, मधल्या तिन्हींवर माहिती, सल्लामसलत आणि मनधरणी येते, आणि वरच्या तिन्हींवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि प्रत्यक्ष नियंत्रण. ही शिडी आजही कामाची आहे. एखाद्या प्राधिकरणाने ‘व्यापक लोकसहभाग’ असा दावा केला की तो कोणत्या पायरीचा, हे विचारता येते. माझ्या अनुभवात तिच्यात एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे वेळ. साधी सल्लामसलत, म्हणजे चौथी पायरी, आराखड्याच्या पहिल्या महिन्यात झाली तर तिचे मोल मोठे असते, आणि भागीदारीची समिती शेवटच्या महिन्यात नेमली तर तिला करण्यासारखे फारसे उरत नाही. 1998 चा आर्हुस करार हा पर्यावरणाशी संबंधित निर्णयांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात ही गोष्ट नेमकी पकडली आहे. सर्व पर्याय खुले असतानाच लोकांना सहभागी करून घ्यावे, आणि निर्णय झाल्यावर तो कारणांसह लोकांना उपलब्ध व्हावा, अशी बंधने त्याच्या सहाव्या कलमात आहेत. या दोन अटींपैकी एक सुरुवातीची आहे आणि दुसरी शेवटची. मधली सुनावणी ही त्या दोहोंच्या आधाराने उभी राहते. त्या नसतील तर ती कोसळते.

आता सुरुवातीची अट प्रत्यक्षात कशी मोडली जाते ते सांगते, कारण ते उघड दिसत नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा लोकांना वाटते की आता प्रक्रिया सुरू झाली. त्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार झालेला असतो, लोकसंख्येचा अंदाज बांधलेला असतो, वाहतुकीचे सर्वेक्षण झालेले असते, आणि या तिन्हींच्या आधारे कोठे काय ‘लागणार’ हे बहुतांशी ठरून गेलेले असते. विद्यमान वापराच्या नकाशावर एखादी जुनी वस्ती ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली गेली, की तिथे आरक्षण टाकणाऱ्या नगररचनाकाराला कोणाचे घर पाडल्याची जाणीवही होत नाही. त्याच्या कागदावर तिथे कोणी राहतच नसते. डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्ग शहराच्या मध्यभागाच्या वाहतूक योजनेचा बेंट फ्लूबियर्ग या संशोधकाने दीर्घ अभ्यास केला. ज्ञान ही शक्ती आहे हे जितके खरे, तितकेच कशाला ज्ञान म्हणायचे हे शक्ती ठरवते, असा त्याचा निष्कर्ष होता. नियोजनाच्या कार्यालयात बसलेल्या कोणालाही हे पटावे. ज्या संस्थेकडे आकडे असतात तिचे म्हणणे अहवालात मजकूर म्हणून येते, आणि ज्यांच्याकडे नसतात त्यांचे म्हणणे ‘भावना’ म्हणून परिशिष्टात जाते.

टेबलामागच्या वर्षांमधली एक सुनावणी माझ्या मनातून गेलेली नाही. भिंतीवर 1:4000 प्रमाणाचा नकाशा लावला होता. साठी ओलांडलेल्या एक बाई पुढे आल्या, नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांनी मुख्य रस्त्यावर बोट ठेवले आणि ते हळूहळू आत नेत देवळापर्यंत आणले. तिथे बोट थांबले. “आमची गल्ली कुठं आहे?” त्यांनी विचारले. माझ्या शेजारच्या अधिकाऱ्याने एका रंगीत डागाकडे हात करून सांगितले, “हा सगळा भाग, मावशी.” त्या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 40 मीटर. त्यांची अडीच मीटरची गल्ली कागदावर अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जास्त होते, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढी, आणि इतक्या अरुंद वाटा दाखवायच्या नाहीत असा आमचा संकेत होता. हरकतीच्या अर्जात भूखंड क्रमांकाचा रकाना सक्तीचा होता. त्यांच्याकडे तो क्रमांक नव्हता, कारण त्यांची गल्ली एका मोठ्या भूखंडाच्या पोटात होती. रस्ता रुंद झाला तर सार्वजनिक नळ कोठे जाणार आणि त्यावर पाणी भरणाऱ्या घरांचे काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांचे म्हणणे ‘सर्वसाधारण सूचना, नोंद घेतली’ या शेऱ्याखाली गेले. तो शेरा मी लिहिला होता. कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता, आणि तरीही ज्या बाईंना त्या वस्तीबद्दल खोलीतल्या सर्वांपेक्षा अधिक माहिती होती, त्यांचे एक वाक्यही निर्णयापर्यंत पोहोचले नाही.

यावर उपाय म्हणून नुसता मोठा नकाशा लावणे पुरत नाही. माहिती गोळा करण्याच्या कामातच लोकांचा हात असावा लागतो. कराचीतल्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने हे दाखवून दिले. तिथे गल्ली हेच एकक धरले. गल्लीतल्या कुटुंबांनी स्वतः वर्गणी काढून घरातली शौचालये आणि गल्लीतली सांडपाण्याची वाहिनी बांधायची, आणि पुढची मोठी वाहिनी व प्रक्रिया ही शासनाची जबाबदारी, अशी विभागणी होती. पुढे याच प्रकल्पातल्या तरुणांनी परवीन रहमान यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या वस्त्या आणि नैसर्गिक नाले यांचे तपशीलवार नकाशे काढले. त्यातून असे दिसले की सांडपाणी आधीच नाल्यांच्या वाटेने जाते, लोकांनी आपापल्या वाहिन्या त्यांनाच जोडल्या आहेत, आणि परदेशी कर्जातून आखलेली महागडी योजना हे जाळे नसल्यासारखे गृहीत धरून बेतलेली आहे. नकाशे समोर ठेवल्यावर 1999 मध्ये ती कर्जयोजना रद्द करण्यात आली. त्या नकाशांवर जमिनी कोण बळकावतो आणि पाणी कोठे चोरले जाते हेही दिसू लागले होते. 2013 मध्ये परवीन रहमान यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशा काढणे हे निरुपद्रवी काम आहे असे कोणी म्हणू लागले, तर मला त्यांची आठवण होते.

लोकसहभागाच्या समर्थकांना न आवडणारी एक गोष्टही इथे लिहायला हवी. सभेला येणारे लोक म्हणजे शहर नव्हे. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या 97 शहरांच्या आणि गावांच्या नियोजन सभांची इतिवृत्ते अभ्यासकांनी तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष, जुने रहिवासी आणि घरमालक यांचे प्रमाण मतदारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त निघाले, आणि नव्या घरबांधणीबद्दल बोलणाऱ्यांपैकी 63 टक्के विरोधात होते. ज्यांना त्या घरांची गरज होती ते अजून त्या गावात राहतच नव्हते. ते सभेला येणार कसे? बर्लिनमध्ये टेम्पेलहोफ विमानतळ 2008 मध्ये बंद झाला आणि 2010 मध्ये त्याचे उद्यान झाले. त्याच्या कडेला सुमारे 4,700 घरे बांधण्याचा शहराचा विचार होता. मे 2014 च्या जनमतात 64 टक्क्यांहून अधिक मतदारांनी संपूर्ण मैदान मोकळे ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. त्या मतदारांना मी चुकीचे म्हणणार नाही, कारण शासनाच्या घरबांधणीच्या आश्वासनावर त्यांचा विश्वास नव्हता आणि त्या अविश्वासाला कारणे होती. पण घराच्या शोधात असलेल्यांचा आवाज त्या निर्णयात क्षीण राहिला, हेही खरे आहे, आणि शहरात घरांची टंचाई वाढत गेली तसा तो वाद पुन्हा पुन्हा वर आला. सहभागाची वेळ आणि जागा ठरवताना कोण येऊ शकणार नाही याचा आधी विचार करावा लागतो. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवलेली सुनावणी ही रोजंदारीवरच्या माणसाला दारातूनच परत पाठवण्यासारखी आहे.

मग राजकीय सत्ता आणि लोकसहभाग यांचे जमते कोठे? ब्राझीलमधले पोर्तो अलेग्रे हे नाव या चर्चेत नेहमी येते, आणि ते यायलाही हवे, पण पुष्कळदा त्याची अर्धीच हकीकत सांगितली जाते. 1989 मध्ये कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाले आणि शहराच्या अंदाजपत्रकातल्या गुंतवणुकीचा प्राधान्यक्रम लोकांच्या सभांतून ठरवण्याची पद्धत सुरू झाली. ही मागणी वस्ती संघटनांनी त्याआधीपासून लावून धरली होती. पक्षाने ती उचलली. शहराचे 16 विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागात सभा, तिथून प्रतिनिधी, आणि प्रतिनिधींच्या परिषदेत वाटपाचे सूत्र. ज्या विभागात सेवेची उणीव जास्त आणि लोकसंख्या जास्त, त्याला जास्त गुण, असे ते सूत्र होते, त्यामुळे मोठ्याने बोलणाऱ्या विभागाला आपोआप जास्त मिळत नसे. पहिल्या वर्षी तिजोरीत गुंतवणुकीसाठी पैसाच जवळपास नव्हता आणि लोक निराश झाले. स्थानिक करांत सुधारणा झाल्यावर, आणि सभेत मागितलेली वाहिनी पुढच्या वर्षी खरोखरच जमिनीत पडलेली दिसल्यावर, सभांची उपस्थिती वाढत गेली. गरीब वस्त्या आणि स्त्रिया त्यांत मोठ्या संख्येने येऊ लागल्या. आपण बोललो त्याचे काही होते, हे दिसल्याशिवाय कष्टकरी माणूस दुसऱ्या सभेला येत नाही आणि त्याने का यावे?

याच हकीकतीचा उरलेला अर्धा भाग असा की 2004 ची निवडणूक तो पक्ष हरला, पुढच्या प्रशासनांनी पद्धत नावापुरती चालू ठेवली, तिच्यामागचा निधी आणि कर्मचारी कमी होत गेले, आणि 2017 मध्ये ती स्थगित झाली. जी सत्ता वाटून घेण्याचा निर्णय राजकीय होता, ती परत घेण्याचा निर्णयही राजकीयच निघाला. शिवाय वर्षाच्या अंदाजपत्रकातली गल्लीची फरसबंदी लोक ठरवत असताना मोठ्या जमिनींचा वापर, उंच इमारतींचे पट्टे यांसारखे निर्णय बहुतांशी त्या सभांच्या बाहेरच होत राहिले. ब्राझीलने 2001 मध्ये शहरांसाठी राष्ट्रीय कायदा करून 20,000 पेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांना आराखडा आणि तो करताना लोकांचा सहभाग बंधनकारक केला, तो या दृष्टीने पुढचा टप्पा होता. माझ्या मते सहभागाला कायद्याचा आधार आणि राजकीय इच्छा ही दोन्ही लागतात. कायदा असेल आणि इच्छा नसेल तर सुनावणीचा मायक्रोफोन उलटा लागतो. इच्छा असेल आणि कायदा नसेल तर एका निवडणुकीत सगळे पुसले जाते.

आता कोठे आणि केव्हा शिरावे, याचे उत्तर. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, तो पहिला दिवस समजावा. त्या टप्प्यावर विद्यमान जमीनवापराचा नकाशा मागावा, आपल्या वस्तीत तो घेऊन फिरावे आणि चुका स्थळ, मोजमाप आणि छायाचित्रासह लेखी कळवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याची बातमी होत नाही, पण माझ्या कारकिर्दीत आराखड्यात झालेले टिकाऊ बदल बहुतेक याच टप्प्यावर झाले. सल्लागार नेमण्याच्या अटींत वस्त्यांच्या बैठका कधी घ्यायच्या हे लिहिलेले असते. त्या अटी मागून पाहाव्यात, कारण अटीत नसलेल्या बैठकीसाठी सल्लागाराला मोबदला मिळत नाही आणि मग ती होत नाही.

हरकतीच्या टप्प्यावर एकाच मजकुराच्या पाचशे प्रती देण्याचा मोह होतो. टेबलामागून सांगते, त्या एकत्र बांधून त्यांना एकच उत्तर दिले जाते. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या वस्तुस्थिती मांडल्या, प्रत्येकाने जागा नेमकी सांगितली आणि पर्यायही सुचवला, तर पाच वेगळी उत्तरे द्यावी लागतात, आणि उत्तर लिहिताना अधिकाऱ्याला तो पर्याय निदान एकदा तपासावा लागतो. पाचशेंची संख्या वाया जात नाही. ती नगरसेवकासाठी ठेवावी. सभागृहात मत देण्यापूर्वी त्याला भेटावे, आणि आपल्या बाजूने उभे राहण्यासाठी जाहीरपणे देता येईल असे कारण त्याच्या हातात द्यावे. राजकारणी माणसाला शत्रू ठरवून वस्तीचे काम होत नाही. त्याच्यावर दुसऱ्या बाजूनेही दबाव असतो आणि ती बाजू रोज त्याच्या दारात उभी असते.

जमल्यास स्वतःचा नगररचनाकार गाठावा. पॉल डेव्हिडॉफ या अमेरिकी नियोजनकाराने 1965 मध्ये असे मांडले की वकील जसा आपल्या अशिलाची बाजू लढवतो, तसे नियोजनकारांनी निरनिराळ्या समूहांचे आराखडे मांडावेत. न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअर भागातल्या भाडेकरूंनी 1961 मध्येच वॉल्टर थॅबिट या नियोजनकाराच्या मदतीने पाडापाडीच्या योजनेला पर्यायी आराखडा तयार केला होता. त्याचे मान्य रूप यायला सुमारे दहा वर्षे लागली. एवढा दम धरायची तयारी असावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा मंजुरीनंतरचा. आराखडा मंजूर झाला की संघटना पांगतात, आणि त्यानंतर फेरबदल सुरू होतात. एका भूखंडावरचे आरक्षण उठते, दुसऱ्याचा पट्टा बदलतो, तिसऱ्याला उंचीची सूट मिळते. प्रत्येक फेरबदल लहान असतो, त्याची सूचना बारीक अक्षरांत कोठेतरी छापून येते, मुदत थोडी असते, आणि दहा वर्षांनी मूळ आराखडा शोधावा लागतो. दिसणारी सत्ता आराखड्याच्या प्रकाशनाला हजर असते. न दिसणारी इथे काम करते. प्रत्येक प्रभागात दोन माणसांनी फक्त या सूचना वाचण्याचे काम वाटून घेतले आणि फेरबदलांची एक साधी वही ठेवली, तरी पुष्कळ गोष्टी थांबतात, कारण कोणीतरी पाहत आहे हे समजले की प्रस्तावाची भाषाच बदलते.

टेबलासमोर आल्यानंतर, दुसऱ्या एका शहरात, आम्ही एका वस्तीचे मोजमाप प्रारूप आराखड्याच्या दीड वर्ष आधी सुरू केले. त्या भागातून नऊ मीटरचा रस्ता काढावा की नाही, हे तेव्हा ठरायचे होते. दोन बायका टेपची दोन टोके धरत, शाळेतली एक मुलगी आकडे लिहून घेई. गल्ली तोंडाशी 2.4 मीटर भरली आणि वळणावर 1.9. रुग्णवाहिका वळणापाशी अडते, तेवढी जागा सुटली तर पुरे, असे त्यांचे त्यांनीच मोजून काढले, आणि त्यासाठी कोणाचा ओटा किती मागे घ्यावा लागेल यावर चार संध्याकाळी भांडण झाले. पाचव्या दिवशी तीन घरांनी सह्या दिल्या. प्रारूप प्रसिद्ध झाले तेव्हा नऊ मीटरचा रस्ता वस्तीच्या कडेने गेलेला होता, आणि 1:500 च्या तपशीलपत्रावर ती गल्ली तिच्या नावानिशी होती. रुंदीच्या रकान्यात त्या मुलीने लिहिलेला आकडा होता.